एक्का दारात उभा

फौजेतून सुटून ओतूरला आलो तेव्हा गावात पहिलं वर्षभर एकच चौकशी चाले. "इमानातनं उडी मारली म्हंत्यात, खरं का रं?" मी खरं म्हणायचो. "मग मेला कसा न्हाईस?" पाठीला छत्री बांधलेली असते, असं सांगितलं की माणसं हसायची. त्यांच्या डोळ्यांपुढे पावसाळ्यातली काळी छत्री यायची. एका म्हाताऱ्याने तर भर पारावर विचारलं, "आन् वारं सुटून छत्री उलटी झाली म्हंजी?" त्यावर सगळा पार हसला, मीही हसलो, आणि हळूहळू सांगायचं सोडून दिलं. विहिरींवर ऑइल इंजिनं बसू लागली होती. फौजेत यंत्रांची कामं शिकलो होतो, त्यामुळे इंजिनांची दुरुस्ती मला जमत होती. पोट त्यावर चालत होतं.

रविवारी मात्र मी जुन्नरला जायचो. बाजाराचं निमित्त असायचं. खरं म्हणजे तिथे दोन माणसं अशी भेटायची की ज्यांना छत्री म्हणजे काय ते सांगावं लागत नसे.

आम्ही तिघं छत्रीवाल्या पलटणीत एकत्र होतो. विमानात आमच्या जागा ठरलेल्या असत आणि ज्या क्रमाने बसायचं त्याच क्रमाने उडी घ्यायची. उड्या शिकवणाऱ्या आमच्या उस्तादाला पत्त्यांचा भारी नाद. त्याने आमची नावं टाकून दिली आणि पहिल्याला एक्का, दुसऱ्याला दुर्री आणि तिसऱ्याला तिर्री म्हणायला लागला. तिर्री म्हणजे मी. दुर्री जुन्नरचाच, कागद करणाऱ्या मुसलमान घरातला. आणि एक्का आंबेगावच्याही वरचा, घोड नदीच्या खोऱ्यातल्या एका वाडीचा, भात-नाचणी करणारा डोंगरातला गडी. बुटका, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. पहिली उडी नेहमी त्याची, कारण तो दारात थबकत नसे. पहिला माणूस थबकला की मागच्या सगळ्यांचे पाय लटपटतात. एक्का नुसता पाऊल टाकायचा, घराच्या ओटीवरून अंगणात उतरावं तसा.

दुर्रीच्या घरामागे मोठं अंगण होतं. तिथे पाण्याचे हौद, त्यात चिंध्यांचा नि जुन्या गोणपाटाचा कुजवलेला लगदा. दुर्री कमरेपर्यंत खड्ड्यात उभा राहून लगद्यात साचा बुडवायचा, हलकेच वर घ्यायचा आणि ओला कागद भिंतीला चिकटवायचा. त्या भिंतींच्या सावलीत आम्ही तिघं चहा पीत बसायचो. एक्का आदल्या दिवशीच डोंगरातून निघायचा. मुक्काम दुर्रीकडे. येताना हिरड्याचं गाठोडं बाजारात विकायला आणायचा, आणि दुर्रीच्या आईसाठी थोडे नवे तांदूळ.

गोष्टी त्याच त्या. रावळपिंडीजवळच्या तळावरची थंडी. पहिल्या उडीला दुर्रीचा एक बूट हवेतच निसटला आणि खाली शेतात उभ्या असलेल्या म्हशीला लागला, ती गोष्ट. ती एक्का सांगायचा. एरवी न बोलणारा माणूस, पण ही गोष्ट त्याची ठरलेली होती. "म्हस वर बघाया लागली," तो म्हणायचा, "आन् वरनं ह्यो, येका पायात मोजा!" दुर्री दर वेळी रागावल्याचं सोंग करायचा. आम्ही दर वेळी हसायचो.

लढाईतल्या गोष्टी मात्र आम्ही काढत नसू. लढाईत आम्ही एकदाही विमानातून उतरलो नाही, हे गावात कुणाला पटलं नसतं. आम्हाला बंदुका देऊन पायी मणिपूरच्या डोंगरात पाठवलं. तिथे एका डोंगरमाथ्यावरच्या गावात आम्ही अडकलो. चारी बाजूंनी जपानी. माथ्यावर पाणी नव्हतं. मग आमची विमानं यायची आणि छत्र्या बांधून पाण्याचे डबे, दाणागोटा, गोळ्या टाकायची. छत्री सुटल्यासुटल्या आम्हाला कळायचं ती कुठे जाणार. तेवढंच तर शिकलो होतो. बहुतेक पलीकडच्या उतारावर जायच्या, जपान्यांकडे. आम्ही खंदकातून बघत बसायचो. मधल्या घळीत काही पडलं तर एक्का सरपटत जाऊन आणायचा. शेवटच्या खेपेला त्याच्याबरोबर साताऱ्याकडचा एक पोरगेला जवान गेला होता. एक्का एकटाच परत आला. हातात पाण्याचा डबा होता. आम्ही त्याला काही विचारलं नाही. पाणी प्यायलो.

पन्नास साल उलटून दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा एक्का यायचा बंद झाला. आधी आम्हाला वाटलं लावणी असेल. मग वाटलं कापणी असेल. पुढे भात झोडून झालं तरी त्याचा पत्ता नाही, तेव्हा दुर्रीने त्याच्या वाडीकडच्या एका हिरडेवाल्याला बाजारात गाठलं.

"त्यो व्हय? त्यो पडून असतो," तो माणूस म्हणाला.

"आजारी हाय का?"

"आजारी कशाचा? ताप नाय, खोकला नाय. पडून असतो."

दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो. घोडेगावपर्यंत एस.टी., तिथून आंबेगावपर्यंत मालाचा ट्रक, आणि पुढे नदीच्या कडेने पायी. वाडी उतारावर होती. कुडाच्या भिंतींचं घर, वर गवत. एक्काची बायको अंगणात नाचणी पाखडत होती. आम्हाला बघून तिने सूप खाली ठेवलं. आम्ही कोण ते तिला सांगावं लागलं नाही.

"या भाऊ," ती म्हणाली. "बघा तुमच्या दोस्ताला."

एक्का आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. दाढी वाढलेली. दुर्री त्याच्या उशाशी बसला, मी पायाशी. बोलून बघितलं, हलवून बघितलं. डोळे उघडे होते पण तो आमच्याकडे वळेना.

"भगत झाला, घोडेगावचा डाक्टर झाला," बायको सांगत होती. "तोंडाशी घास नेला तर खातो. उठत नाय. दिवाळीच्या आदीपासनं असंच."

"झालं काय पण वहिनी? भांडण, काही?"

"काय बी नाय झालं. भात कापत व्हता. इळा खाली ठिवला, घरी आला आन् निजला."

दुर्रीने बुटाची नि म्हशीची गोष्ट सुद्धा सांगून पाहिली. ती एक्काची गोष्ट, दुसऱ्याच्या तोंडून बरी वाटत नव्हती. शेवटी दुर्री चिडला. त्याला रडू येत असावं, पण तो उठून उभा राहिला आणि आमच्या उस्तादाचा घोगरा आवाज काढून ओरडला, "खडे हो!"

एक्का उठला.

आधी हात टेकला, मग गुडघा, आणि सरळ उभा राहिला. इतके दिवस पडून राहिल्याने त्याचे पाय थरथरत होते, पण छाती पुढे होती. दुर्रीने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हुक लगाओ!" विमानात डोक्यावरून एक तार जायची, छत्रीच्या दोरीचा हूक तिला अडकवायचा असे. एक्काने हात वर करून घराच्या आडव्या वाशाभोवती मूठ आवळली. दुर्री त्याच्या मागे जाऊन उभा राहिला, दुर्रीच्या मागे मी. हे आम्ही ठरवून केलं नाही. हुकानंतर 'चेक'चा हुकूम असे: पुढच्याची पाठ तपासायची आणि मागून पुढे आवाज द्यायचा, ही सवय हाडात गेलेली.

"तिर्री ठीक," मी म्हणालो.

"दुर्री ठीक."

मग घशात काहीतरी खरवडल्यासारखा आवाज आला. "एक्का ठीक."

त्याची बायको पदर तोंडात धरून हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली.

"दरवाजा!" दुर्री म्हणाला. एक्का चालत दाराशी गेला आणि चौकटीला दोन्ही हात लावून उभा राहिला. बाहेर कापलेल्या भाताच्या खाचरांवर ऊन पडलं होतं. "गो!" आणि त्याने पाऊल टाकलं, अंगणात.

त्या दिवशी आम्ही त्याला आंघोळ घातली. मी त्याची दाढी केली. तो उन्हात बसून स्वतःच्या हाताने भाकरी जेवला. एक-दोन शब्दही बोलला, गाईबद्दल काहीतरी. निघताना दुर्रीने वहिनींना सगळे हुकूम शिकवले, चारदा म्हणून घेतले. ती लाजत होती. "मी बाईमाणूस, मी कशी वरडू?" दुर्री म्हणाला, "ओरडू नका, नुसतं म्हणा. शब्द तेवढे नीट म्हणा." परत येताना आम्ही दोघं येड्यासारखे खूश होतो. नदीच्या काठाने दुर्री गात चालला होता.

त्या उन्हाळ्यात एक्का एकदा बाजारालाही आला. पुढे तो, मागे डोक्यावर गाठोडं घेतलेली त्याची बायको. दुर्रीच्या अंगणात आम्ही बसलो. मी गोष्टी काढल्या, एक्का ऐकत होता. चहा समोर ठेवला तर तो पिईना. बायको हळूच, आम्हाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली, "चेक." तेव्हा त्याने पेला उचलला.

दुर्रीच्या तोंडावरचं हसू गेलं. "हे काय वहिनी?"

"आता असंच हाय. हुकूम दिल्याबिगर काय बी करीत नाय. उठायचं, जेवायचं, बाहेर जायचं. मला ठावं व्हते तेवढे शबुद मी सगळ्या कामांना लावल्यात." मग म्हणाली, "वाडीतली माणसं हसत्यात. त्येंनी बी शब्द उचलल्यात. वाटेनं जाताजाता 'दरवाजा' म्हंत्यात, आन् ह्ये हातातलं टाकून दाराकडं धावत्यात."

एक्का हे सगळं ऐकत होता.

पावसाळ्यात वाट बंद असते. पाऊस संपल्यावर आम्ही पुन्हा गेलो. अंगणात शिरतानाच तो दिसला. चौकटीला दोन्ही हात लावून दारात उभा.

"कधीपासून?" मी वहिनींना विचारलं.

"तांबडं फुटल्यापासनं. रोजचंच हाय. आता हुकूम बी लागत नाय, आपणच उठून उभं ऱ्हात्यात. पर पुढचं पाऊल टाकीत नाय. मी 'गो' म्हणून म्हणून दमले." तिच्या कमरेवर पाण्याचा हंडा होता. ती वाकून त्याच्या हाताखालून आत गेली, सवयीने, हंडा न हिंदकळू देता. आत हंडा ठेवून परत तशीच बाहेर आली.

"भाऊ, एक सांगा," ती मला म्हणाली. "ह्यास्नी मागं बसवायचा हुकूम कंचा? त्यो तुमी शिकवलाच नाय."

मी दुर्रीकडे पाहिलं. दारात उभ्या राहिलेल्या माणसाला परत जागेवर बसवायचा हुकूम आम्हाला कधी कुणी दिला नव्हता. विमान कधीतरी उडी न होता परत आलंही असेल, पण आमच्या वाट्याला तसा दिवस आला नाही. असला तरी तो हुकूम काय असतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मी आपला म्हणालो, "बैठ जाओ!" एक्का हलला नाही. दुर्रीने उस्तादाच्या आवाजात म्हणून पाहिलं. मग मी त्याचा हात धरून ओढला. चौकटीवरची त्याची बोटं सोडवणं मला जमलं नाही, आणि मी रोज इंजिनाचे गंजलेले नट सोडवणारा माणूस.

"अरे, कशाची वाट बघतोस?" मी ओरडलो.

"हिरवा लागला नाय," एक्का म्हणाला.

विमानाच्या दाराशी दोन दिवे असत. तांबडा लागला की तयार राहायचं, हिरवा लागला की जायचं. हे मी वहिनींना समजावून सांगितलं. ती म्हणाली, "आमच्यात चिमणी हाय, तीबी तेल असलं तर."

परतताना घोडेगावात एस.टी.ची वाट बघत होतो, तेव्हा दुर्री एकदम म्हणाला, "राव, मी हिरवा लावतो." त्याच्याकडे रंगीत कागदाचंही काम असायचं. त्याने पातळात पातळ ताव काढला, हिरवा रंगवला, तेल लावून उन्हात धरून पारदर्शक केला. कंदिलाच्या काचेला आतून चिकटवला तर जळेल, म्हणून बाहेरून तारेची चौकट करून बसवला. ती चौकट मी केली. दोघांनी मिळून एवढं मन लावून काही केल्याला बरीच वर्षं झाली होती. चार दिवस आम्ही त्या कंदिलाशिवाय दुसरं काही बोललो नाही. दुर्री म्हणायचा, "चालणार बघ. तो बाहेर पडला की मग दार बंदच करून टाकू, दुसरीकडून ये म्हणू."

पुढच्या खेपेला आम्ही तो फडक्यात गुंडाळून नेला. एक्का दारातच होता. अंगणापलीकडे गोठा होता, दुर्री त्याच्या अंधाऱ्या तोंडाशी गेला आणि कंदील पेटवून उंच धरला. हिरवा उजेड खरंच पडला, अगदी त्या दिव्यासारखा. मला क्षणभर विमानाचा आवाज ऐकू आल्यासारखा वाटला. मी ओरडलो, "गो!"

एक्काने कंदिलाकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाला, "कंदील हाय त्यो, दुर्रे."

दुर्रीने हात खाली घेतला. तो दाराशी आला, एक्काच्या अगदी समोर. "म्हणजे तुला कळतंय सगळं?"

"कळतंय की."

"मी कोण हाय ते?"

"तू दुर्री. ह्यो तिर्री. ती मागं माजी बायकू."

"मग विमान नाही, लढाई नाही, काय नाही, हे पण कळतंय?"

"व्हय."

"मग बस की रे बाबा खाली! वर्षभर तुझ्या बायकोच्या जिवाला घोर!"

एक्काने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत येडेपणा नव्हता. जुन्नरच्या अंगणात चहा पिताना जशी असायची तशीच ती नजर होती, जरा दमलेली.

"बसून काय करू?" त्याने विचारलं.

त्याने खरंच विचारलं होतं. आमच्याकडे उत्तर असेल असं त्याला वाटत असावं, कारण तो थांबला. मी म्हणू शकलो असतो, शेती कर, हिरडा गोळा कर, रविवारी बाजाराला ये. हे सगळं मीही करत होतो. इंजिन सोडवायचं, जोडायचं, विहिरीवर पाणी पडलं की पुढच्या गावाला जायचं. ते कशासाठी ते मला कुणी विचारलं नव्हतं म्हणून बरं चाललं होतं. थोड्या वेळाने एक्काने आमच्यावरची नजर काढली आणि पुन्हा खाचरांकडे बघायला लागला.

वहिनींनी आम्हाला भात वाढला. जेवायला आत जाताना आम्हीही त्याच्या हाताखालून वाकून गेलो. कंदील दुर्रीने तिथेच ठेवला. "कागद काढा नि वापरा," तो म्हणाला, "काच चांगली आहे."

त्यानंतर आम्ही गेलो नाही. जाऊ जाऊ म्हणत राहिलो. दुर्रीचा धंदा बसत चालला होता. गिरणीचा कागद सगळीकडे मिळायला लागला होता आणि हातकागद घेणारे जुने व्यापारी एकेक करून तुटले. हौदातलं पाणी हिरवं पडलं. भिंतींवर कागद नसले की त्या अंगणात सावलीत बसूनही ऊन लागल्यासारखं व्हायचं. आम्ही दोघं तिथे बसायचो. एकदा मी बुटाची गोष्ट काढली, निम्म्यात थांबलो. दुर्री म्हणाला, "राहू दे."

चैत्र संपत आला होता. एका रविवारी एक्काची बायको अंगणाच्या दारात येऊन उभी राहिली. कपाळ मोकळं होतं. वाडीतल्या आणखी दोघी बाहेर थांबल्या होत्या.

"तुमी हेलपाटा घालाल म्हणून सांगाया आले," ती म्हणाली.

दुर्रीच्या आईने तिला जवळ बसवलं. चहा दिला. दुर्रीने विचारलं, "वहिनी, कसं झालं?"

"थंडीत परत निजलं. दार सोडलं एक दिवस, आन् आत जाऊन भिंतीकडं तोंड केलं. मला बरं वाटलं बघा. म्हटलं, आता तरी हातापायाला इसावा. पर ह्या टायमाला घास बी तोंडात घेईनात." तिने चहा संपवून पेला पालथा घातला. "मी सगळे हुकूम म्हणून बघितले."

"काही बोलला का शेवटी?"

"नाय."

खाचरं दिराकडे गेली, असं तिने सांगितलं. आता येडगावच्या बाजूला मळ्यात खुरपायला जाणार, तिकडची तिची आत्या आहे. काही लागलं तर कळवा, मी म्हणालो. ती म्हणाली, "काय नगं, भाऊ." बाहेरच्या दोघींनी हाक मारली तशी ती उठली. दुर्रीच्या आईने तिच्या ओच्यात गूळ-शेंगदाणे घातले. ती गेल्यावर म्हातारीने पेला उचलला, धुतला आणि आत नेला.

त्याच पावसाळ्याआधी दुर्रीने हौद मोडले. मुंबईला त्याचा मावसभाऊ होता, पुठ्ठ्याची खोकी करण्याच्या कारखान्यात. तिथे तो गेला. मी काही रविवार सवयीने जुन्नरला जात राहिलो. बाजारात एक फेरी मारायची, भाजी घ्यायची, दुपारच्या आत परतायचं. पुढे इंजिनाचे सुटे भाग नारायणगावला मिळायला लागले, तेव्हा तेही सुटलं.

दुर्री मला एकदाच भेटला, तीन-चार वर्षांनी, जुन्नरच्या एस.टी. स्टँडवर. आईला माती देऊन परत चालला होता. अंगाने वाळला होता, खोकत होता. खोक्यांच्या कारखान्यात धूळ फार, म्हणाला. मी माझ्या पोरींबद्दल सांगितलं, त्याने त्याच्या मुलाबद्दल. मग उसाबद्दल बोललो, पावसाबद्दल बोललो. फौजेचा विषय त्यानेही काढला नाही आणि मीही नाही. काढला असता तर तिथे उभं राहवलं नसतं.

तेवढ्यात गाडी लागली. माणसं धावली. दुर्रीने पिशवी उचलली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि "बरं आहे" म्हणून गर्दीत घुसला. गाडी गच्च भरलेली होती. त्याला बसायला जागा मिळाली की नाही, ते मला खालून दिसलं नाही.